किंमत यजमानाने मोजली

'अभ्यासकाने सरकारला माहिती पुरवली तर बिघडलं कुठे?' असं कुणी विचारलं, की मला तिबेटचे अभ्यासक शरच्चंद्र दास आठवतात. दार्जिलिंगच्या भुतिया बोर्डिंग स्कूलचे हेडमास्तर. १८७९ आणि १८८१ मध्ये ते तिबेटात गेले. ग्रंथ जमवले, आणि ब्रिटिश सरकारसाठी वाटांची, मुलखाची टिपणंही. त्यांचा १९०२ चा तिबेटी-इंग्रजी कोश मोठं काम आहे, वादच नाही. पण तिबेटातल्या ताशिल्हुन्पो मठाच्या ज्या सेंगचेन लामांनी त्यांना आसरा दिला, ते स्वतः ज्ञानाचे भुकेले होते. शिळाछापाचं यंत्रसुद्धा त्यांना हवं होतं. दास सुखरूप परतले, त्यांना किताब मिळाले. लामांना मात्र दासांना आसरा दिल्यापायी १८८७ मध्ये नदीत बुडवून मारलं. त्यांनी तर फक्त पाहुण्यावर विश्वास ठेवला होता.