अनोळखी मृतदेहांची ओळख पटवणारे हौशी लोक: मला एक जुळतंय असं वाटतंय, पुढे काय करू?

डेटनचा_बाळ्या:
नमस्कार मंडळी. मी ओहायोत डेटनजवळ राहतो. इथून अर्ध्या तासावर ट्रॉय नावाचं गाव आहे, तिथे एप्रिल १९८१ मधे रस्त्याकडेच्या चरात एका मुलीचा मृतदेह सापडला होता, अंगात बकस्किनचं (हरणाच्या कातड्याचं) जाकीट, पाय अनवाणी, केसांच्या दोन वेण्या. नाव गाव काही कळेना म्हणून ३७ वर्षं तिला सगळे 'बकस्किन गर्ल'च म्हणत होते. २०१८ ला डीएनए डो प्रोजेक्ट म्हणून स्वयंसेवकांची संस्था आहे त्यांनी तिचं नाव शोधून काढलं. ऑफिसातल्या एकाने जेवताना हे सांगितलं आणि तेव्हापासून मी कामातून गेलोय.

इथे सरकारचीच नेमअस नावाची साइट आहे, एका बाजूला हरवलेली माणसं, दुसऱ्या बाजूला सापडलेले पण ओळख न पटलेले मृतदेह, आणि कोणीही उघडून बघू शकतं. गेले तीन दिवस रोज संध्याकाळी तेच चाललंय. बायको म्हणते रात्री अकराला मेलेल्या माणसांचे दात काय बघत बसतोस.

तर झालंय असं की मला एक जुळतंय असं वाटतंय. ८० च्या दशकातला सांगाडा, उंची जुळते, डाव्या हाताचं जुनं फ्रॅक्चर जुळतं, जिल्हासुद्धा शेजारचा. फक्त वय जुळत नाही, सांगाड्याचं ३० ते ४० लिहिलंय आणि हरवलेली बाई २४ ची. तिची बहीण फेसबुकवर आहे. मेसेज करू का?

पाटी_वाचा_आधी:
नको. कारणं बाकीचे सांगतीलच.

मिरजेची_मावशी:
वयावरून लगेच बाद करू नका, हे मी मुद्दाम लिहितेय कारण या हौशी मंडळींची जी सगळ्यात गाजलेली केस आहे ती वयामुळेच अडकली होती. केंटकीत जॉर्जटाउनजवळ मे १९६८ मधे एक विहिरी खणणारा माणूस रस्त्याकडेला पडलेले तारांच्या खांबांचे काचेचे इन्सुलेटर गोळा करत फिरत होता (कशाकशाचा नाद असतो माणसाला) आणि त्याला ताडपत्रीत गुंडाळलेला मृतदेह सापडला. 'टेंट गर्ल' नाव पडलं. तपासणाऱ्यांनी वय लावलं १६ ते १९, म्हणजे सगळे शाळा-कॉलेजच्या मुलीच शोधत बसले.

पुढे त्या माणसाच्या मुलीशी टेनेसीतल्या टॉड मॅथ्यूज नावाच्या पोराचं जमलं, तिने त्याला वडिलांची ही गोष्ट सांगितली आणि तो जो मागे लागला तो दहा वर्षं. कारखान्यात कामाला होता, पोलीस नाही काही नाही. १९९८ च्या जानेवारीत रात्री इंटरनेटवर त्याला एका बाईची जाहिरात दिसली, बहीण १९६७ च्या शेवटी लेक्सिंग्टन भागातून नाहीशी झालीय म्हणून. कबर उकरली, डीएनए केला, तीच निघाली. बार्बरा टेलर, वय २४!! लग्न झालेली, तान्ह्या मुलीची आई. आणि खरी गंमत पुढे आहे, म्हणजे गंमत कसली. मृतदेहासोबत एक पांढरं कापड सापडलं होतं. ते लंगोट होतं, बाळाचं. पण डोक्यात एकदा 'अल्पवयीन मुलगी' बसलं की लंगोट समोर असून कोणाला बाळ दिसत नाही.

नवऱ्याने ती हरवल्याची तक्रारच दिली नव्हती. तो १९८७ लाच वारला, त्यामुळे पुढे काही झालं नाही.

कुलवृत्तांतवाला:
मावशींची केस हरवलेले-सापडलेले ताडून बघण्याची. तुमच्या ट्रॉयवाल्या मुलीची वेगळी. तिचं नाव हरवलेल्यांच्या यादीत नव्हतंच, मग ताडणार कशाशी? (आई मात्र तेच घर आणि तोच फोन नंबर धरून बसली होती, कधी फोन आला तर म्हणून.) तिथे वंशावळ कामी आली.

पोलिसांच्या डेटाबेसमधे डीएनएच्या २० जागा बघतात, त्यावरून माणूस तोच का, फार तर आईबाप-भावंडं एवढं कळतं. हे लोक लाखो जागा बघतात आणि जेडमॅचसारख्या साइटवर टाकतात, जिथे लोकांनी हौसेने स्वतःचे टेस्टचे निकाल चढवलेले असतात. मग कोणीतरी लांबचं नातेवाईक निघतं, म्हणजे ज्याचे खापरपणजोबा आणि मृताचे खापरपणजोबा एकच. तिथून वर चढायचं, खापरपणजोबा गाठायचा आणि त्याची सगळी पिलावळ खाली मांडत यायची, कोण कुठे गेलं, कोणाचा पत्ता १९८१ नंतर लागत नाही. बकस्किनला नशीब बरं, जवळचं नातेवाईक मिळालं, काही तासांत नाव हातात. एरवी महिने, वर्षं जातात.

मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम केलंय म्हणून सांगतो, आपल्या वंशावळीत मुलगी 'दिली सातारच्या अमक्यांना' एवढं लिहून संपते, पुढे तिची पोरंबाळं कुठल्याच पानावर नाहीत. आडनावाच्या मागे जाणाऱ्याला अर्धा वंश दिसतच नाही. डीएनएला आडनाव माहीत नसतं. पण त्या साइटवर मुळात युरोपीय वंशाचेच लोक भरलेत, उद्या ओहायोत एखादा बेवारस देशी माणूस सापडला तर जुळायला कोणी नाही. बाळ्या, टेस्ट केली असेल तर चढवा, गुन्हेगार शोधायला पोलिसांना बघू द्यायचं का हे तिथे आपण ठरवायचं असतं. घरच्यांना विचारून मात्र, कारण तुमच्याबरोबर तुमचे आतेभाऊ-मामेभाऊपण थोडे थोडे चढतात.

रातराणी८८:
मी अशाच एका फेसबुक ग्रुपमधे होते, फ्लोरिडातल्या 'मोस्टली हार्मलेस' एवढंच टोपणनाव माहीत असलेल्या माणसासाठी. जुलै २०१८ ला तंबूत मृत सापडलेला ट्रेकर, उपासमारीने गेलेला, जवळ खाणं होतं आणि साडेतीन हजार डॉलरपण. वाटेत भेटलेल्यांकडे त्याचे हसरे फोटो, त्यामुळे हजारो लोक त्याच्या प्रेमातच पडले, डीएनएसाठी पाच हजार डॉलर आम्हीच जमवले. शेवटी जुन्या ओळखीच्याने फोटो ओळखला. मग कळलं की बायकांशी तो फार वाईट वागायचा. ग्रुपमधे सुतकच पडलं. मला नंतर आमचीच चीड आली, त्याचा स्वभाव आम्ही फोटो बघून ठरवला होता.

आणि लाइल स्टेव्हिक? वॉशिंग्टन राज्यातल्या मोटेलमधे खोट्या नावाने उतरून २००१ मधे आत्महत्या केलेला. २०१८ ला खरं नाव कळलं पण घरच्यांनी सांगितलं की जाहीर करू नका. काही जण भांडत होते, एवढी वर्षं घालवली, आम्हाला कळायला नको का. नको!

खाकीची_लेक:
बाबा महाराष्ट्र पोलिसात होते, आता रिटायर. अकस्मात मृत्यूची नोंद व्हायची आणि वर्णन लिहायचं, 'वय अंदाजे ४०, रंग सावळा, बांधा मध्यम, उजव्या हातावर आई असे गोंदलेले'. बाबा आधी शर्टाची कॉलर उलटी करून बघायचे, टेलरचं लेबल असलं तर गाव सापडलं.

ते सांगायचे, मिसिंगवाल्या घरी 'बघायला या' असा निरोप गेला की अख्खं घर उठून येतं. मुडद्यावरची चादर बाजूला होते, तो आपला नसतो, आणि बाई रडते ती सुटल्यासारखी आणि परत पहिल्यापासून वाट बघायची म्हणूनपण. बाबांनी अशी एकच बाई तीन वेळा बघितली. म्हणून बहिणीला मेसेज अजिबात नको. २०१३ ला बॉस्टनच्या स्फोटानंतर नेटवरच्या शेरलॉकांनी एका हरवलेल्या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याला आरोपी ठरवलं होतं, घरचे त्याला शोधत होते आणि लोक त्यांनाच शिव्या घालत होते. पोरगा आधीच गेलेला निघाला.

नेमअसवर केसच्या पानावर कॉरोनर ऑफिसचा (मृत्यूची चौकशी करणारं सरकारी खातं) संपर्क आणि केस नंबर असतो. दोन्ही नंबर, काय जुळतं, काय जुळत नाही, एवढंच लिहून पाठवा. पण त्याआधी त्याच पानावर खाली एक्सक्लूजन म्हणून यादी असते ती बघितलीत का? ज्यांची नावं तपासून बाद झालीत ती.

डेटनचा_बाळ्या:
नव्हती बघितली.

आत्ता बघितली. चौथं नाव तिचंच आहे. कोणीतरी कधीच ताडून बाद केलंय.

बहिणीला मेसेज टाइप करून ठेवला होता, काल रात्री पाठवणारच होतो. उडवला. बायकोला सांगितलं तर म्हणाली बरं झालं, आता जेवायला चल. जेडमॅचचं आईला विचारतो उद्या, तिकडे भारतात सकाळ झाली की.