स्प्लाइन ३० × २ × १४: दात्याची जाडी ३.१४ का नाही, आणि एम बरोबर असून गो रिंग का अडकते?

भोसरी_हॉबर
नमस्कार मंडळी. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर 'डिन ५४८० – डब्ल्यू ३० × २ × १४ × ८एफ' असं स्प्लाइन आहे, म्हणजे शाफ्टवरचे दाते हबच्या (शाफ्टवर चढणाऱ्या भागाच्या) खाचांत बसतात. डिन हे जर्मन मानक, ८एफ हा शाफ्टचा टॉलरन्स, हबला ९एच. शाफ्टचे दाते हॉबिंगने (फिरत्या कटरने) कापलेले, हबच्या खाचा ब्रोचने (ओढून कापणाऱ्या दातेरी हत्याराने). मोड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) २ आणि दाते १४ म्हणजे पिच व्यास (ज्या वर्तुळावर दात्याची जाडी धरतात तो) २८. मग दात्याची जाडी ३.१४२ यायला हवी, पण तक्त्यात ३.०२६ दिलीय. दुसरं म्हणजे, समोरासमोरच्या खाचांत ४ मिमी पिना ठेवून त्यांच्यावरून घेतलेलं एम माप ड्रॉइंगच्या मर्यादेत येतं, तरी काही नग गो रिंगमध्ये (ज्या गेजमधून शाफ्ट जायलाच हवा त्यात) अर्ध्यावर अडकतात. क्वालिटीवाले नग परत पाठवतात, मशीनवाला म्हणतो माप ओके आहे. कोणाचं खरं धरायचं?

इन्व्हॉल्यूट३०
आधी जाडीचं बघू. डिन ५४८० मध्ये ३० हा पिच व्यास नाही, संदर्भ व्यास आहे. बेअरिंगच्या बोअरशी जमेल असा व्यास आधी ठरवतात आणि मग प्रोफाइल (दात्याचा आकार) आत-बाहेर सरकवून दाते त्यात बसवतात, हीच प्रोफाइल शिफ्ट. हिशेब असा: संदर्भ व्यास = मोड्यूल × दाते + २ × प्रोफाइल शिफ्ट + १.१ × मोड्यूल. ३० = २८ + २ × शिफ्ट + २.२, म्हणजे शिफ्ट उणे ०.१ मिमी. दाब कोन (दात्याच्या बाजूचा तिरपेपणा) ३० अंश, त्याचा टॅन ०.५७७, त्यामुळे जाडीतून २ × ०.१ × ०.५७७ = ०.११५ वजा होतात. ३.१४२ – ०.११५ = ३.०२६. तक्ता बरोबर आहे.

बाकी व्यास: शाफ्टचा बाहेरचा २९.६, हबचा आतला २६, हबच्या खाचेचा तळ ३०, हॉबिंग केलेल्या शाफ्टचा तळ २५.४. २६ आणि २५.४ मधली जागा कुणी खाऊ नये. हबचं बोअर ब्रोचिंगआधी लहान राहिलं, तर हबच्या दात्याची कड शाफ्टच्या मुळाच्या गोलाईवर चढते. मग बाजूंना जागा असूनही जोड घट्ट लागतो आणि दोष फिटवर ढकलला जातो.

गेज_रूम
दुसऱ्या प्रश्नात क्वालिटीवाल्यांचं खरं. पिनांवरचं एम एका वेळी समोरासमोरच्या दोनच खाचा बघतं, म्हणजे प्रत्यक्ष जाडी. गो रिंग चौदाही दाते एकदम बघते. पिच (दात्यांमधलं अंतर) चुकलं, दाता लांबीत तिरपा गेला (म्हणजे लीड चुकलं), प्रोफाइल फुगलं, की रिंगला तो दाता जाड वाटतो. याला परिणामी जाडी म्हणतात, आणि हब शाफ्टवर चढेल की नाही ते तीच ठरवते. कमाल परिणामी जाडी गो रिंगने आणि किमान प्रत्यक्ष जाडी नो-गो (जे गेज जायला नको) किंवा एमने तपासायची. ड्रॉइंगवर कमाल प्रत्यक्ष जाडी दिली असेल तर ती मशीनवाल्याला सेटिंगपुरती. तेवढ्यावर नग पास होत नाही.

आता शोधायचं कसं. ढिलाई न धरता या स्प्लाइनचं एम ३४.१४४ येतं, ८एफ ची मर्यादा त्याच्या खाली. एम तीन ठिकाणी घ्या: तोंडाशी, मध्ये, मुळाशी. प्रत्येक ठिकाणी शाफ्ट फिरवून निदान तीन जोड्या. तोंड-मूळ फरक आला तर टेपर. जोडीजोडीत फरक आला तर रनआउट (फिरताना केंद्रातून हलणं) किंवा लंबगोल, सेंटरची भोकं आणि टेलस्टॉक बघा. सगळीकडे एम सारखं आणि रिंग तरी अर्ध्यावर थांबते, तर लीड किंवा पिच. मार्किंग ब्लू (कुठे घासलं ते दाखवणारा निळा रंग) लावून रिंग हाताने सरकवा: सगळ्या दात्यांच्या एकाच बाजूला शेवटाकडे घासलं तर लीड, दोन-तीनच दाते घासले तर पिच. तोंडावरच अडकली तर आधी बर (कडेला राहिलेली धातूची खरखरीत धार) काढा. आणि रिंगवर हातोडी नको, गेज जाईल.

तातडीचा उपाय म्हणजे जाडी किमान मर्यादेकडे नेणं. जाडीत १० मायक्रॉन कमी केले की एम साधारण १५ मायक्रॉनने उतरतं. पण लीड न सुधारता हे केलं तर दात्याचा टोकाचाच भाग लोड घेईल.

भोसरी_हॉबर
आभार, लीडच निघेल असं दिसतंय. अजून एक: ग्राहकाने जुना नमुना शाफ्ट पाठवलाय. १४ दाते, बाहेरून २९.९. हाही डिनच ना?

इन्व्हॉल्यूट३०
घाई करू नका. डिनचा २९.६ च्या वर जात नाही. आयएसओ ४१५६ या आंतरराष्ट्रीय मानकात मोड्यूल २, १४ दात्यांचा शाफ्ट बाहेरून साधारण ३० असतो आणि त्यात प्रोफाइल शिफ्ट नसते, मूळ जाडी ३.१४२. ४ मिमी पिनांवर त्याचं ढिलाईविना एम ३४.३१, तुमच्याहून जवळपास ०.१७ जास्त. तो तुमच्या हबमध्ये जाणार नाही. उलट तुमचा शाफ्ट त्याच्या हबमध्ये खडखडेल. इंची म्हणावा तर ३० अंशाच्या शाफ्टचा बाहेरचा व्यास (दाते + १) ÷ पिच इंच (इथे पिच म्हणजे १२/२४ सारख्या जोडीतला पहिला आकडा). १२/२४ पिचला तो ३१.७५ मिमी आणि १६/३२ ला २३.८१ मिमी येतो, दोन्ही जुळत नाहीत.

जपानी मशीनचा असेल तर दाब कोन २० अंशही असू शकतो. कोन पकडायला दोन वेगळ्या व्यासांच्या पिनांनी एम घ्या आणि ३० अंश धरून दोन्हींवरून जाडी काढा. एकच आकडा आला तर कोन बरोबर. माप मात्र हब बसत नव्हता त्या न झिजलेल्या टोकावर घ्या.

हीट_ट्रीट_वाला
हब कार्बुराइझ (भट्टीत पृष्ठभागात कार्बन भरून कडक) होणार असेल तर ब्रोच नुसत्या ९एच वर मागवू नका. कडक केल्यावर खाच आकसते, तीही सगळीकडे सारखी नाही. भिंतीची जाडी बदलते तिथे माप वेगळं येतं. ३.५ मिमी पिनांनी आतलं माप भट्टीआधी आणि नंतर त्याच खाचांत घ्या. ढिलाईविना ते २२.४८४, आणि खाचेत १० मायक्रॉन बदलले की ते २४ मायक्रॉनने हलतं, म्हणजे फरक चांगला दिसतो. चाचणीच्या नगांवर किती आकसतं ते कळलं की मगच ब्रोचचं माप द्या.

९एच/८एफ सरकता फिट आहे. यावर गिअर बसवून त्याचा रनआउट स्प्लाइनच्या भरवशावर सोडू नका, टॉर्क नसताना तो केंद्रात राहत नाही. हबला दोन्ही टोकांना ग्राइंड केलेले गोल सीट द्या, नटाने आवळा, तेल पोचेल असं भोक ठेवा. दात्यांवर तांबूस पूड दिसली तर ते फ्रेटिंग (बारीक हालचालीने होणारी झीज) आहे. नुसता फिट घट्ट करून थांबत नाही, आधी शाफ्ट-हबची सरळ रेषा तपासा.