मदत हवी आहे: स्लोवेनियात चार रात्री, पिरानला मुक्काम करावा का?

मंडळी, दिवाळीनंतर बडोद्याहून आम्ही तिघं (मी, नवरा, सासूबाई) स्लोवेनियाला जातोय. शेंगेन व्हिसा झालाय, चलन युरो, त्यामुळे तो प्रश्न नाही. गाडी भाड्यानं घेणार नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना अंडंही चालत नाही.

वाचून एवढं कळलं: देशाच्या वाट्याला समुद्रकिनारा जेमतेम ४७ किमी, पण त्यातच पिरान आहे, कित्येक शतकं व्हेनिसच्या ताब्यात राहिलेलं. शेजारीच सेचोव्ल्येची मिठागरं. माझा खरा जीव तिथेच अडकलाय, कारण तिथे अजून लाकडी अवजारांनी हातानं मीठ ओढतात. अर्थात ते उन्हाळ्यात. आम्हाला नुसते वाफे दिसतील, चालेल. पिरानला जाताना रेल्वे कोपर नावाच्या शहरातच संपते, पुढे बस. पोस्तोइनाच्या गुहेत छोटी रेल्वे आत नेते, तरी दीडेक किलोमीटर चालावं लागतं, तेही १० अंशांच्या गारव्यात. ब्लेड तलावातल्या बेटावरच्या ९९ पायऱ्या तर बादच.

इथल्या ट्रॅव्हलवाल्यांकडे विचारून झालं. सगळे क्रोएशिया जोडून रोज नवं हॉटेल गळ्यात मारतात, ते नको.

तर जाऊन आलेल्यांनी सांगा: चारही रात्री राजधानी ल्युब्लियानात राहून पिरान एका दिवसात उरकावं, की तिथे दोन रात्री काढाव्यात? नोव्हेंबरात संध्याकाळी परतीची बस सहज मिळते का? आणि रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा सासूबाईंच्या जेवणाचं काय करायचं?