बाहेरच्या मॉनिटरवर मराठी अक्षरे पुसट दिसतात

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
मी लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करतो. माझ्या १५.६ इंची लॅपटॉपला नुकताच २७ इंची फोर-के मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला. पण त्यावर रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळत असल्याने ‘सर्वांना’ हा शब्द तपासण्यासाठीही कागदावर प्रत काढावी लागते. मॉनिटर सदोष आहे का?

उत्तर:
मॉनिटर परत करण्याची घाई करू नका. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो पडदा निवडून रिझोल्यूशन (पडद्यावरील आडव्या-उभ्या चित्रबिंदूंची संख्या) फोर-केचे, म्हणजे ३८४० बाय २१६० आहे का, ते पाहा. अक्षरे बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन कमी केल्यास चित्र ताणले जाऊन कडा पुसट होतात; त्याऐवजी स्केल (अक्षरे व चिन्हे किती मोठी दाखवायची ते प्रमाण) १५० टक्के ठेवावे.

प्रश्नकर्ता:
रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरच होते. आता रफार स्वच्छ दिसतो, मनापासून आभार! मात्र अक्षरजुळणीचा जुना प्रोग्राम अजून धूसर आहे आणि माउसचा बाण अडखळत सरकतो.

दुसरे उत्तर (शाहूपुरी):
या दोन वेगळ्या अडचणी आहेत. प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटी विभागात हाय डीपीआयची (दाट चित्रबिंदूंच्या पडद्यावर प्रोग्राम कसा मोठा करून दाखवायचा, ती) सेटिंग बदलून पाहा. अक्षरे सुधारली तरी मेनू बारीक होण्याची शक्यता असते. बाण अडखळण्याचे कारण बहुधा रिफ्रेश रेट (पडद्यावरील चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो वेग) असावा, कारण एचडीएमआयची १.४ ही जुनी आवृत्ती फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकते. ६० हर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला ६० वेळांसाठी, लॅपटॉप आणि मॉनिटर या दोन्हींना एचडीएमआय २.० लागते. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्टची (मॉनिटरला चित्र पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीची) सोय असेल, तर नवी एचडीएमआय केबल घेण्याआधी तो मार्ग तपासावा.