वॉर सिमेट्रीला स्मशान म्हणावं का?

पायवाट :
नागालँडमधल्या कोहिमाला दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांची वॉर सिमेट्री आहे. तिच्यावर लिहितेय आणि दुसऱ्याच वाक्याला अडकलेय. आधी 'युद्धस्मशान' लिहिलं. बहीण म्हणाली, स्मशानात जाळतात, इथे तर पुरलंय. मग 'दफनभूमी' केलं. पण तिथे १,४२० कबरींबरोबर एक दहनस्मारकही आहे. ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला, अशा ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावं त्यावर कोरलेली आहेत. दफनभूमी म्हटलं की हे सगळे शब्दाबाहेर राहतात. मी त्या नावांपुढे उभी राहून आलेय, मला ते करवत नाही. दोघांनाही पोटात घेईल असा शब्द सुचवा.

दौत :
'वॉर सिमेट्री'च ठेवा. वर्तमानपत्रं तेच लिहितात, रिक्षावालाही तेच म्हणतो. शब्द रुळलाय.

कातळ :
रुळला म्हणून कशाला मान तुकवायची? 'युद्धस्मृतिस्थळ' लिहा. 'दफन' तर अरबी आहे, त्याला 'भूमी' जोडून धेडगुजरी समास कशाला?

दौत :
मग 'कबर'ही सोडणार? तीही अरबीच. आणि स्मृतिस्थळ कुठेही उभं राहतं. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ साली झालं, तिथे नावं आहेत, देह नाहीत. सिमेट्रीत माणूस खरोखर पायाखालच्या मातीत असतो. तिथे गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो तो त्यामुळेच. तुमच्या शब्दातून नेमकं तेच निसटतं.

अनुस्वार :
बहिणीचा आक्षेप मला पटत नाही. लिंगायत पुरतात, गोसावी पुरतात, तान्ह्या मुलांना तर बहुतेक सगळेच पुरतात. त्या जागेलाही मसणवटाच म्हणतात ना? 'ख्रिस्ती स्मशानभूमी' हा प्रयोगही सर्रास होतो. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काच्या 'निरुक्त' या ग्रंथात 'श्मशान' म्हणजे 'श्मशयन', श्म म्हणजे शरीर. शरीर जिथे निजतं ती जागा. आता गंमत बघा, सिमेट्रीचं मूळ ग्रीक 'कोइमेतेरिओन', त्याचा अर्थही निजण्याची जागा! दोन्हीकडे झोपच, जाळण्यापुरण्याचा संबंधच नाही. मी तर डोळे मिटून 'युद्धस्मशान' लिहीन.

कातळ :
यास्काची व्युत्पत्ती प्रमाण धरायची तर बऱ्याच गोष्टी मानाव्या लागतील.

पायवाट :
अनुस्वार, निजण्याची जागा हे फार आवडलं. पण माझी आजी दिवेलागणीला 'मसण' हा शब्द तोंडातून काढू द्यायची नाही. शिवीतही तोच येतो. कोहिमाला तसं काहीच वाटत नाही. उतारावर एकाखाली एक पायऱ्या, कापलेलं गवत, फुलं. उपायुक्तांच्या बंगल्याच्या ज्या टेनिस कोर्टावर हातघाईची लढाई झाली, त्याच्या पांढऱ्या रेषा अजून राखल्यात. मी त्या रेषेवर पाय द्यायचं टाळलं, का ते सांगता येणार नाही. 'स्मशान' वाचून वाचकाच्या डोळ्यांपुढे हे येईल?

दौत :
येणार नाही. म्हणूनच सिमेट्री.

कातळ :
एक जुना शब्द सुचतो. कबरीवरच्या दगडाला 'वीरगळ' म्हणा आणि सगळ्या जागेला 'वीरगळांचं रान'. आपल्याकडे लढताना पडलेल्यासाठी दगड उभा करायची रीत शेकडो वर्षांची आहे. खाली लढाई, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य.

पायवाट :
पण बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. गावकऱ्यांनाही तो वीर कोण ते ठाऊक नसतं. इथे सगळा आग्रह नावाचा आहे. अशा सिमेट्री सांभाळणाऱ्या, १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाने अधिकारी आणि शिपाई यांच्यात भेद करायचा नाही असं ठरवलं होतं. कोहिमाला दगडावर बसवलेल्या कांस्यपट्टीवर नाव वाचता येतं, वय वाचता येतं. एकवीस, बावीस. मी वयंच वाचत राहिले.

अनुस्वार :
आणि तो 'गळ' गळ्यातला नव्हे. कन्नड 'कल्लु' म्हणजे दगड, त्यावरून वीरगल्लु, वीरगळ. मात्र 'तो वीरगळ' की 'ती वीरगळ'?

कातळ :
ती. आमच्याकडे सगळे 'ही वीरगळ' म्हणतात.

अनुस्वार :
दगड पुल्लिंगी, मग वीरगळही पुल्लिंगीच हवा. मी 'तो'च ऐकलाय.

दौत :
शिळा स्त्रीलिंगी आहे, त्याचं काय?