लायपेझने व्हिटॅमिन सी चं एस्टर: कन्व्हर्जन अडकतंय, आणि हे खरंच ग्रीन आहे का?

शिवाजीनगर_एमएस्सी
नमस्कार, एमएस्सी ऑरगॅनिकच्या प्रोजेक्टला अ‍ॅस्कॉर्बिल पामिटेट घेतलंय. व्हिटॅमिन सी ला पामिटिक अ‍ॅसिडची शेपटी जोडली (या जोडणीलाच एस्टर म्हणतात) की ते तेलात मिसळतं, म्हणून खाद्यतेलात आणि क्रीममध्ये अँटिऑक्सिडंट म्हणून वापरतात. एन्झाइम म्हणजे नोव्होझाइम ४३५ चे मणी (मण्यांवर बसवलेलं लायपेझ, म्हणजे चरबी तोडणारं एन्झाइम), सॉल्व्हंट टर्ट-ब्युटेनॉल, ५५ डिग्री, मॅग्नेटिक स्टरर. सुरुवातीला छान चालतं, टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे दाखवणारी प्लेट) नवा स्पॉट येतो आणि मग जे थांबतं ते थांबतंच. वर लॅबमधले सीनियर म्हणतात हेच सल्फ्युरिक अ‍ॅसिडने होतंय की, एवढं महाग एन्झाइम कशाला, आणि सॉल्व्हंट आहेच तर ग्रीन (पर्यावरणाला कमी त्रासाचं) कसलं. व्हायवाला हे विचारणारच, पण मलाही ते नीट समजून घ्यायचंय.

पाषाण_रोड
आधी पाण्याचं बघ. एस्टर होताना पाणी सुटतं आणि ते तिथेच राहिलं की रिअ‍ॅक्शन उलटी फिरायला लागते, लायपेझचं मूळ कामच पाणी घेऊन एस्टर तोडायचं आहे ना. मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषून घेणारे दाणे) टाक, पण ओव्हनमध्ये कडक तापवून गार केलेले, सध्या पुण्यात पाऊस चालू आहे आणि उघड्या बाटलीतले सीव्ह हवेतलंच पाणी पिऊन बसलेले असतात. अगदी कोरडंठाक पण करू नकोस, एन्झाइमला स्वतःभोवती पाण्याचा पातळ थर लागतोच, म्हणून रिअ‍ॅक्शन थोडी पुढे गेल्यावर सीव्ह टाकलेले बरे. पामिटिक अ‍ॅसिड जास्त घे. आणि तो मॅग्नेटिक बार आधी काढ!! मणी दळले जातात, भुगा झाला की गाळता येत नाही आणि परत वापरता पण येत नाही, ऑर्बिटल शेकरवर ठेव.

पिंपरी_निवृत्त
अगं, सीनियरला पेनिसिलिनचं सांग. माझी नोकरी याच लाइनमध्ये गेली. ६-एपीए, म्हणजे अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन ज्याच्यापासून बनतं ते, पूर्वी पेनिसिलिन जी पासून केमिकल पद्धतीने काढायचे, आधी सिलिल (सिलिकॉनवाला) ग्रुप लावून अ‍ॅसिड झाकायचं, मग फॉस्फरस पेंटाक्लोराइड, डायक्लोरोमिथेन, आणि हे सगळं उणे ४० डिग्रीला. बीटा-लॅक्टम रिंग (पेनिसिलिनच्या गाभ्यातलं कडं) नाजूक आणि तोडायचा तो बाजूचा अमाइड जास्त चिवट, म्हणून एवढा खटाटोप. पेनिसिलिन अ‍ॅसायलेझ तोच एक बाँड तोडतं, पाण्यात, साधारण ३५ डिग्रीला, पीएच ८ च्या आसपास. फिनाइल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं तसा पीएच खाली येतो म्हणून अल्कली थेंब थेंब सोडत राहायचं, जास्त झालं तर रिंगच उघडते. मणी धुवायचे की पुढची बॅच. ते सुटलेलं अ‍ॅसिड पण वाया जात नाही, परत फर्मेंटरमध्ये प्रिकर्सर (कच्चा माल) म्हणून जातं. आपल्या पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आहे, या भागात मोठ्या झालेल्या मुलांना हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हिशोब_आधी
काकांशी पूर्ण सहमत, फक्त एन्झाइम आहे म्हणजे ग्रीन असं लिहू नकोस, हिशोब मांड. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर: १ किलो मालामागे किती किलो कचरा, औषधांमध्ये तो २५ ते १०० आणि त्याहूनही वर जातो. सल्फ्युरिकवाल्या पद्धतीत कॉन्सन्ट्रेटेड अ‍ॅसिड हेच सॉल्व्हंट असतं, काम झालं की सगळं पाण्यात ओतायचं आणि त्या आम्लाची विल्हेवाट लावायची. व्हिटॅमिन सी ला चार ओएच (अल्कोहोलसारखे गट) आहेत, लायपेझ त्यातला ६ नंबरच्या कार्बनवरचा प्रायमरी (टोकाचा, मोकळा) बरोबर उचलतं, बाकीचे आधी झाकायचं प्रोटेक्शन नाही, नंतर उघडायचं डिप्रोटेक्शन नाही. तुझा कचरा मुख्यतः सॉल्व्हंट आणि उरलेलं पामिटिक अ‍ॅसिड, म्हणजे टर्ट-ब्युटेनॉल डिस्टिल करून परत वापरलास का आणि मणी किती बॅच टिकले यावरच सगळं ठरणार. पामिटिक धुवायला हेक्झेन घेणार असशील तर त्यापेक्षा हेप्टेन बरं.

शिवाजीनगर_एमएस्सी
खूप आभार काका आणि सगळ्यांचे, पीसीएल५ (फॉस्फरस पेंटाक्लोराइड) आणि उणे ४० चं मला अजिबात माहीत नव्हतं. शेकर शेजारच्या मायक्रोबायोलॉजीत आहे, विचारते. एकच, टर्ट-ब्युटेनॉल ऐवजी साधं ब्युटेनॉल चालेल का? ते डिपार्टमेंटमध्ये भरपूर पडलंय.

पाषाण_रोड
नाही चालणार, ते प्रायमरी आहे, लायपेझ आधी त्यालाच पामिटिक जोडेल आणि ब्युटाइल पामिटेट मिळेल. टर्शरीला (टर्ट-ब्युटेनॉलला) ओएचभोवतीच्या कार्बनच्या गर्दीमुळे हात लावत नाही म्हणून तर ते घेतात. थंडीत बाटलीत गोठलेलं दिसलं तर घाबरू नकोस, ते २५ डिग्रीच्या आसपासच गोठतं, कोमट पाण्यात ठेव. टर्ट-अमाइल अल्कोहोल मिळालं तर तेही चालतं, ते गोठत नाही.