‘दिल्ली सफारी’ पाहिल्यावर तुमच्या घरी काय झालं?

परवा माळा आवरताना लेकीची बालवर्गातली चित्रकलेची वही सापडली. एका पानावर पोपट, माकड, अस्वल आणि ठिपक्याठिपक्यांचं मांजर रांगेत उभं आणि समोर एक गोल इमारत. मांजर म्हणजे बिबट्याचं पिल्लू युवी, इमारत म्हणजे संसद. २०१२ च्या ऑक्टोबरात निखिल अडवाणींचा ‘दिल्ली सफारी’ पाहून आल्यावर तिने हे काढलं होतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बुलडोझर शिरतात, युवीचा बाप मारला जातो, आणि उरलेले जाब विचारायला दिल्लीला निघतात. प्राणी आपापसात बोलतात, पण माणसांची भाषा येते फक्त ॲलेक्स पोपटाला. म्हणून त्या लाडावलेल्या पाळीव पोपटाला चक्क पळवून न्यावं लागतं. त्या रात्री लेकीने झोपताना विचारलं होतं, “पोपटाने मुद्दाम चुकीचं सांगितलं असतं, तर बाकीच्यांना कळलं असतं का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

परीक्षण नको. पाहून आल्यावर घरी, शाळेत, कामावर काही घडलं असेल तर ते लिहा.

बोरिवली, नववा मजला

घर घेताना जंगलाच्या बाजूचा फ्लॅट म्हणून आम्ही जास्तीचे पैसे मोजले होते. पाहुणे आले की आधी बाल्कनी दाखवायची, मग चहा. सिनेमाहून परतल्यावर मुलगा बराच वेळ त्याच बाल्कनीत उभा राहिला आणि म्हणाला, “बाबा, त्यांना आपला व्ह्यू आवडत असेल का?” बायकोला हसू आवरेना. माझी मात्र त्यानंतर बाल्कनी दाखवायची हौस जरा कमी झाली.

खरी गोष्ट पुढची. काही वर्षांनी सोसायटीच्या कॅमेऱ्यात पहाटे बिबट्या दिसला. मीटिंगमध्ये एकच गलका, पिंजरा लावा! वनखात्याचे एक अधिकारी आले आणि शांतपणे म्हणाले, हा नेला तर रिकाम्या जागेत दुसरा येईल, आधी तुमचा कचरा दाखवा. मागच्या गेटजवळ उघडा ढीग. ढिगावर कुत्री, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. सिनेमात खलनायक बिल्डर होता, आमच्याकडे कालची बिर्याणी निघाली. ढीग हलवायला मात्र चार महिने आणि तीन मीटिंगा लागल्या, कारण नवा ढीग आपल्या विंगखाली कुणालाच नको होता.

नाशिक

आम्ही सुरुवातीलाच बाहेर आलो. बाप मेल्यावर मुलीने जो भोकाड पसरला तो पॉपकॉर्ननेही थांबेना. पुढचं काही माहीत नाही. पोचले का ते दिल्लीला?

पुणे

मी तेव्हा ॲनिमेशनचा कोर्स करत होतो. घरी बाबांचं एकच पालुपद, “कार्टून काढून पोट भरतं होय?” हा सिनेमा पुण्याच्याच क्रेयॉन पिक्चर्सने केलेला, म्हणून त्यांना बळेच घेऊन गेलो. सिनेमाभर चेहरा कोरा. गोविंदाच्या आवाजातल्या माकडाला तेवढे एकदा हसले. शेवटची नामावली सुरू झाली, लोक उठले, दिवे लागले, पण बाबा बसूनच. चष्मा पुसून एकेक आडनाव मोठ्याने वाचायला लागले. बाहेर आल्यावर म्हणाले, “बरीच आपलीच पोरं आहेत की रे!” पालुपद त्यानंतर बंद झालं. पोट भरतं का, हा प्रश्न मात्र अधूनमधून मलाच पडतो. केसाळ अस्वलाचा एक शॉट रेंडर व्हायला, म्हणजे संगणकाला त्याची पक्की चित्रं काढायला, लावून घरी जावं आणि सकाळी येऊन बघावं तर पाठीवरची फर गायब! असल्या दिवशी जास्तच पडतो.

ठाणे

मला नाही आवडला. नकला फार, गोंगाट फार. सासूबाई गाढ झोपल्या, आणि तिकीट त्यांच्याच पैशांचं होतं.

मुंबई, निवृत्त शिक्षिका

वर्गात आम्ही खटला चालवला. एका बाजूला प्राणी, दुसऱ्या बाजूला माणसं. आरेच्या जंगलातल्या आदिवासी पाड्यावरची एक मुलगी कुठल्याच बाजूला जाईना. म्हणाली, “बाई, आम्ही कुठं उभं राहायचं?” तिच्या घरी वाघोबाला पुजतात. जंगलात माणसंही पिढ्यान्‌पिढ्या राहतात हे सिनेमाला सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर खटला आखताना मलाही नाही. शेवटी तिला न्यायाधीश केलं. तिने निकालच दिला नाही, तास संपेपर्यंत दोन्ही बाजूंना नुसती गप्प बसवत राहिली.

२०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रातोरात दोन हजारांवर झाडं पडली, तेव्हा तिचा फोन आला. काही बोललीच नाही. मागून करवतीचा आवाज येत होता. सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली ती ७ ऑक्टोबरला. तोवर पडायची ती पडून झाली होती.

जुन्नर

शहरातल्यांचं वाचलं. आमच्याकडची तऱ्हा निराळी आहे. सिनेमातला बिबट्या जंगल तुटलं म्हणून बेघर होतो. आमचा बिबट्या जन्मतोच उसात. त्याच्या आईने, कदाचित आजीनेही, जंगल पाहिलेलं नाही. वर्षभर आडोसा, पाटाला पाणी, वस्तीवर कुत्री-शेळ्या. त्याला दिल्लीला जायची गरजच काय? उलट आम्हीच जावं म्हणतो. शेळी गेली की पंचनामा, फोटो, कागद. आणि पोटचं पोर गेलेली घरंही आहेत या तालुक्यात, त्यांच्यापुढे युवीचं कौतुक सांगायची माझी छाती नाही.

तरी एक सांगतो. ऊसतोड चालू होती, फड शेवटाला आलेला. सरीत पिल्लं सापडली, डोळे नुकते उघडलेले. टोळीतल्या बायका कोयते टाकून मागे सरल्या. टोळीतलंच एक पोर, सातेक वर्षांचं, ओरडलं, “युवी! युवी!” कुणाच्या तरी मोबाइलवर सिनेमा पाहिला होता म्हणे. वनखात्याची माणसं आली, पिल्लं तपासली आणि अंधार पडायच्या आत क्रेटमध्ये घालून त्याच सरीत ठेवली. पिल्लं हलवली तर मादी चवताळून शोधत फिरते, म्हणून जिथली तिथंच ठेवायची. त्या रात्री टोळी खोपटं सोडून आमच्या ओसरीवर झोपली. मुकादम रात्रभर बिड्या ओढत बसला. ते पोर तेवढं घोरत होतं.

(धागा काढणारी)

पण आई आली का?

जुन्नर

आली असणार. सकाळी क्रेट आडवा पडलेला, आत काही नाही. पिल्लं दोन होती का तीन, यावरून टोळीत पुढं हंगाम संपेपर्यंत वाद चालला.